ऑनलाईन खरेदी करताना क्रेडिट कार्ड जपून कसं वापरायचं

मागे एकदा मी एका साईटवर बूट घेत होतो. साईट एकदम झकास, वर कुलुपाचं चिन्ह पण होतं, कार्डचा नंबर टाकला, सीव्हीव्ही (कार्डच्या मागचे तीन आकडे) टाकला, ओटीपी आला, आणि सवयीने तो टाकायला बोट गेलंच होतं तेवढ्यात मेसेजकडे नीट नजर गेली, तर रक्कम बुटांच्या चौपट आणि दुकानाचं नाव भलतंच! ओटीपी टाकला नाही आणि कार्ड तिथल्या तिथे ब्लॉक केलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी काय काय बघतो ते क्रमाने सांगतो.

आधी साईटचा पत्ता. तो तपासा असं सगळेच सांगतात, पण वाचायचा कसा ते कोणी सांगत नाही. सुरुवातीच्या एचटीटीपीएस नंतर दोन तिरक्या रेघा असतात त्या सोडून द्या, त्यापुढे जी पहिली तिरकी रेघ येईल तिथे थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. समजा दुकानाचं नाव अबक आहे आणि त्यांची साईट अबक डॉट कॉम. आता तुम्हाला आलेल्या लिंकमध्ये 'अबक डॉट कॉम डॉट मेगासेल डॉट शॉप' असं असेल तर ती साईट मेगासेलवाल्याची, पुढचं अबक म्हणजे नुसती दारावर रंगवलेली पाटी. मोबाईलवर तर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून त्यावर टॅप करून पूर्ण बघायचा. आणि खरं सांगू का, मेसेजमधल्या किंवा जाहिरातीतल्या लिंकवरून जायचंच नाही, पत्ता स्वतः टाईप करायचा नाहीतर दुकानाचं अधिकृत अ‍ॅप वापरायचं, निम्मी कटकट तिथेच संपते.

कुलुपावर मात्र विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा नंबर वाटेत कोणी वाचू शकणार नाही, पलीकडे भामटा बसला असेल तर त्याच्या हातात तो अगदी सुखरूप पोचतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट देते, आणि ते देताना पत्ता मागणाऱ्याच्या ताब्यात आहे का एवढंच बघतात, माणूस प्रामाणिक आहे का ते नाही. कुलूप म्हणजे साईट खरी, असा लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधलं ते कुलूपच काढून टाकलं.

आता कार्ड कुठलं वापरायचं? डेबिट कार्ड शक्यतो नको, कारण त्यात पैसे खात्यातून लगेच जातात आणि मग परत मिळवायला आपण बँकेच्या मागे फिरायचं, क्रेडिट कार्डात निदान बिल भरायच्या आधी तक्रार करता येते. बँक व्हर्च्युअल कार्ड (अ‍ॅपमध्येच बनणारं, वेगळ्या नंबरचं कार्ड) देत असेल तर नवख्या साईटसाठी तेच बेस्ट, नाहीतर ऑनलाईन खरेदीला एक कमी लिमिटचं कार्ड वेगळं ठेवा. बऱ्याच बँकांच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाईन व्यवहार चालू-बंद करायचं बटण असतं, मी खरेदी झाली की ते बंद करून टाकतो, बायको हसते पण असू दे.

कार्ड सेव्ह करू का असं विचारतात तेव्हा? रोजचं, भरवशाचं दुकान असेल तर ठीक, कारण आता बऱ्याच ठिकाणी खऱ्या नंबरऐवजी टोकन, म्हणजे त्याच्या बदली दुसराच एक कोड साठवतात. पण सीव्हीव्ही म्हणजे ते मागचे ३ आकडे (अमेरिकन एक्सप्रेसवर पुढच्या बाजूला ४ असतात), ते व्यवहार झाल्यावर साठवायला पीसीआय डीएसएस या कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा नियमांनुसार दुकानाला मनाईच आहे. त्यामुळे कार्डचा फोटो चॅटवर पाठवा म्हणणारा कितीही गोड बोलला तरी पाठवायचा नाही.

मग ओटीपी. आकडे शेवटी बघायचे, आधी रक्कम आणि दुकानाचं नाव वाचायचं. कधीकधी दुकानाऐवजी पेमेंट कंपनीचं नाव येतं, ते चालतं, पण रक्कम जुळलीच पाहिजे. सगळ्या साईट ओटीपी मागत नाहीत हेही लक्षात ठेवा, म्हणजे नंबर, तारीख आणि सीव्हीव्ही चोराकडे गेला तर ओटीपी नसतानाही पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून कार्डच्या प्रत्येक व्यवहाराचा अलर्ट चालू पाहिजे.

स्टेटमेंट आलं की किरकोळ रकमा पण बघा. चोर कार्ड चालतंय का हे बघायला आधी अगदी छोटी रक्कम कापतात, आपण म्हणतो जाऊ दे, आणि मग मोठा फटका बसतो. अनोळखी एंट्री दिसली की आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेकडे लेखी तक्रार, आणि तक्रार नंबर जपून ठेवा. उशीर नको, कारण अशी तक्रार करायला मुदत असते. बँकेचा फोन नंबर कार्डच्या मागे छापलेला असतो तोच लावा, सर्चमध्ये वर येणारा नको. आणि रिफंड द्यायचाय, ओटीपी सांगा, असा फोन आला तर सरळ कट करा, पैसे परत यायला ओटीपी लागत नाही.