संघाच्या घरच्या मैदानांचा आणि तिथल्या जय-पराजयाचा हिशेब कसा मांडावा

अमेरिकन फुटबॉलमधील एखाद्या व्यावसायिक संघाची घरची कामगिरी मांडायची असेल, तर बेरजेला हात घालण्यापूर्वी त्याच्या मैदानांची यादी कालक्रमाने करून घ्यावी. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे पॅकर्स हा संघ यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण हिशेब चुकण्याच्या बहुतेक जागा त्याच्या इतिहासात सापडतात.

हा संघ १९१९ मध्ये उभा राहिला आणि १९२१ मध्ये लीगमध्ये (आजच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये) आला. आरंभी तो हेगमेस्टर पार्कवर आणि नंतर दोन हंगाम बेलव्ह्यू पार्कवर खेळला; १९२५ ते १९५६ या काळात सिटी स्टेडियम हे त्याचे घर होते आणि १९५७ पासून तो लॅम्बो फील्डवर खेळत आहे. मात्र लॅम्बो फील्डचे नावही आधी सिटी स्टेडियमच होते, संस्थापक कर्ली लॅम्बो यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये ते बदलले, म्हणून जुन्या वृत्तान्तात हे नाव आढळल्यास प्रथम साल पाहावे.

सर्वांत मोठी गफलत मिलवॉकीबाबत होते. १९३३ ते १९९४ या काळात पॅकर्स आपले काही घरचे सामने शंभराहून अधिक मैल दूर असलेल्या या शहरात खेळत असत. त्यासाठी बोर्चर्ट फील्ड, स्टेट फेअर पार्क, मार्क्वेट स्टेडियम आणि काउंटी स्टेडियम अशी चार मैदाने वापरली गेली. १९३९ चा अजिंक्यपदाचा सामनाही न्यूयॉर्क जायंट्सला २७–० असे हरवून त्यांनी स्टेट फेअर पार्कवरच जिंकला. म्हणून ‘लॅम्बो फील्डवरील कामगिरी’ आणि ‘घरची कामगिरी’ या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवाव्यात; माझ्या मते ज्या तक्त्यात मैदानाचा स्वतंत्र रकाना नाही, त्यावर विसंबू नये. २०२२ मध्ये लंडनला जायंट्सविरुद्ध २२–२७ असा गमावलेला सामनाही कागदोपत्री पॅकर्सच्या घरचाच होता. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, मात्र त्रयस्थ मैदानावरचा मानून वगळावा.

तारखेशेजारी हंगामही लिहावा. लॅम्बो फील्डवरील प्लेऑफमधला (साखळीनंतरच्या बाद फेरीतला) पॅकर्सचा पहिला पराभव अटलांटा फाल्कन्सकडून ४ जानेवारी २००३ रोजी झाला, पण तो २००२ च्या हंगामात जमा होतो. प्लेऑफचे सामने साखळी सामन्यांत मिसळू नयेत.

बरोबरीत सुटलेल्या सामन्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. २०१३ च्या साखळीत पॅकर्सने घरचे आठ सामने खेळले: चार विजय, तीन पराभव आणि मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्धची २६–२६ अशी बरोबरी. १९७२ पासून लीग बरोबरीला अर्धा विजय धरते, त्यामुळे साडेचारला आठने भागून ०.५६३ हे प्रमाण येते. त्यापूर्वीच्या पद्धतीने बरोबरी सोडून दिली असती, तर चार भागिले सात म्हणजे ०.५७१ आले असते. अनेक दशकांची एकत्रित टक्केवारी देताना कोणती पद्धत वापरली हे तक्त्याखाली अवश्य नमूद करावे, अन्यथा दोन्ही काळांची तुलना खोटी ठरते.

शेवटी प्रत्येक हंगामाचा ताळा करावा. २०१३ मध्ये परक्या मैदानांवर पॅकर्सचे चार विजय आणि चार पराभव होते. ते घरच्या आकड्यांत मिळवल्यावर आठ विजय, सात पराभव, एक बरोबरी अशी त्या हंगामाची एकूण नोंद जुळते. जिथे ती जुळणार नाही, तिथे आधी मैदानाचा रकाना तपासावा.