आवाहनापूर्वीची तयारी: पुढे येणाऱ्यांजवळ कोण बसणार?

गेल्या ईस्टरला साताऱ्यात संध्याकाळच्या उपासनेत मी आवाहन केले, म्हणजे ज्यांना ख्रिस्ताचा स्वीकार करायचा आहे त्यांनी पुढे यावे असे सांगितले, आणि पाच जण पुढे आले. पण त्यांच्याजवळ बसायला मी एकालाही नेमले नव्हते. वादकांनी पुढचे गीत धरले, सेक्रेटरींनी सूचना वाचल्या, दानाच्या थैल्या फिरल्या, आणि एक वयस्कर बाई वेदीच्या कठड्याशी पिशवी पोटाशी धरून उभ्याच राहिल्या. शेवटी मेढ्याची एसटी चुकेल म्हणून त्या निघून गेल्या, आणि त्यांचे नावसुद्धा आमच्यापाशी राहिले नाही. ही यादी त्या संध्याकाळमुळे लिहीत आहे.

प्रार्थना, माइक आणि गीतांची निवड यांविषयी पाळकांना काही सांगावे लागू नये. सांगायचे आहे ते बसणाऱ्या माणसांविषयी. निदान दोन स्त्रिया आणि दोन पुरुष आठवडाभर आधी नावाने नेमावेत, त्यांना पहिल्या दोन रांगांत कडेला बसवावे आणि कोणती खूण केल्यावर उठायचे हे ठरवून द्यावे. मंडळीचे वडीलजन आपोआप उठतील असे मी गृहीत धरले होते. ते डोळे मिटून प्रार्थना करीत होते, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. अमेरिकन सुवार्तिक डी. एल. मूडी यांच्या सभांमध्ये एकोणिसाव्या शतकातच संदेशानंतर विचारपूस करण्यासाठी वेगळी खोली आणि तेथे बोलायला माणसे ठेवलेली असत. आपल्याकडे वेगळी खोली नसेल तर व्हरांड्यात चार खुर्च्या मांडाव्यात, पण त्या आधी मांडाव्यात.

संदेश लिहितानाच आवाहन लिहावे. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 मध्ये येशूचा शिष्य पेत्र याचे बोलणे ऐकून लोकांनीच "आम्ही काय करावे?" असे विचारले आणि त्याने स्पष्ट उत्तर दिले. आपला संदेश त्या प्रश्नापर्यंत पोचत नसेल, तर शेवटी आवाज चढवून काही साधत नाही. "तारण" हा शब्द आपल्याला पाठ असतो, परंतु शेजाऱ्याबरोबर प्रथमच आलेल्या माणसाला तो गहाणवटीचा वाटण्याचा संभव आहे, म्हणून कशापासून आणि कोणाकडून तारण, हे साध्या वाक्यात सांगावे. कृती एकच सांगावी. मी हात वर करा, उभे राहा आणि पुढे या, असे तिन्ही एका दमात सांगितले, त्यामुळे निम्मे लोक गोंधळले. पुढे येण्याची ही रीत मुळात अमेरिकेतील सुवार्तिक चार्ल्स फिनी यांच्या 1830 च्या सुमाराच्या सभांमुळे रूढ झाली. ती शास्त्रवचन नव्हे, म्हणून जागेवरच प्रार्थना करणाऱ्यालाही मोकळीक द्यावी.

त्या दिवशी बाप्तिस्म्याची तारीख मुळीच काढू नये. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये याच साताऱ्यात "देवाचा दरबार" स्थापन केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त घेतले. पुढे आलेल्याला घरच्यांशी बोलायला आणि विचार करायला वेळ लागतो, हे येथल्या मंडळीला नव्याने कळायला नको. कोणी येईना म्हणून शेवटचे कडवे सहा वेळा म्हणणे हा निव्वळ दबाव आहे. लहान मुले पुढे आली तर आईवडिलांना बोलवावे.

बसणाऱ्यांनी काय करायचे, हेही लिहून द्यावे, कारण नुसते नेमलेले माणूसही घाबरते: नाव विचारावे, ऐकावे, बायबलमधील योहान 1:12 वाचावे, छोटी प्रार्थना करावी. प्रवचन करू नये. बसणारा माणूस स्वतः बोलत सुटला, तर तो नसल्यासारखाच.

वही, पेन. फोन नंबर त्यांच्या संमतीने. दानार्पण आणि सूचना आवाहनाच्या आधी उरकाव्यात. गावाकडच्या लोकांच्या शेवटच्या एसटीची वेळ स्टँडवर विचारून ठेवावी. तीन दिवसांच्या आत भेट.

उपासनेपूर्वी दहा मिनिटे बसणारी चारही माणसे डोळ्यांनी पाहून घ्यावीत, आणि त्यांतले कोणी कोरेगावला लग्नाला गेले असेल तर त्याच क्षणी दुसऱ्याला सांगावे.