पावसात हाइडमध्ये बसताय? या चुका टाळा

सप्टेंबरात ठाण्याच्या खाडीवर हाइडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या आडोशात, पक्षी बघायला येणारे नवखे दरवर्षी त्याच चुका करतात आणि शिव्या पावसाला घालतात.

पहिली चूक, भरती न बघता येणं. "पक्षी पहाटेच बघायचे" हे रानातलं शास्त्र. खाडीत पाण्याचं घड्याळ चालतं. मागे एका पौर्णिमेला चौघे सहालाच हजर. आमचा हाइड म्हणजे बांबू, हिरवी शेडनेट आणि वर ताडपत्री. ओहोटी तळाला गेलेली, समोर नुसता चिखल, पक्षी म्हणजे पावसाआडचे मोहरीचे दाणे. साडेआठला चौघे मिसळ खायला गेले ते गेलेच. दहानंतर पाणी चिखलावर चढू लागलं, तसे चिखले, तुतवार, पाणटिवळे असे चिखलात चरणारे पक्षी मागे सरत सरत आमच्याकडे आले. पावणेबाराला एक पाणटिवळा वीस पावलांवर, वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर उभा. चोचीच्या टोकाला थेंब जमायचा, गळायचा, पुन्हा जमायचा.

भरतीची वेळ ॲपवर मिळते, पण मी अजून कोकणातला जुना हिशेब करतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आतवर पाणी उशिरा पोचतं, तेवढं वर धरायचं. भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसायचं. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, म्हणजे भरती बेताचीच, चिखल पुरता बुडत नाही आणि पक्षी लांबच राहतात. त्या दिवशी मी सरळ झोपतो.

दुसरी चूक बघून डोकं फिरतं. एसी गाडीतून उतरायचं, गार दुर्बीण दमट हवेत काढायची, काचेवर धुकं आलं की शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसायचं. त्या टोकावर खारं पाणी आणि बारीक रेती असते. माझी पहिली दुर्बीण मी अशीच घालवली. उजेडात तिरकी धरली की भिंगावर कोळ्याचं जाळं दिसतं. आता शेवटची पंधरा मिनिटं एसी बंद, काचा खाली, दुर्बीण मांडीवर. पुसण्याआधी ब्लोअरने फुंकर, मग धुतलेलं मलमलचं फडकं. घरी आल्यावर ओली दुर्बीण बॅगेत कोंबलीत तर भिंगाला बुरशी धरलीच म्हणून समजा. आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचा तो शहाणपणा नको, पीठ भिंगावर बसतं. पाच-दहा रुपयांची सिलिका जेल पुडी मिळते, तेवढा खर्च करा.

बाकीच्या किरकोळ. चुरचुरणारा प्लास्टिकचा रेनकोट नको. झरोक्यातून हात बाहेर काढून "तो बघ!" नको. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज तर अजिबात वाजवू नका. फ्लेमिंगो कुठे, असं सप्टेंबरात विचारू नका, बहुतेक पावसाआधीच गेलेत.

आणि पावसाळ्यात लालसर तपकिरी पाठीचा बगळा दिसला तर तो दुर्मिळ नाही. तो आपला वंचकच, विणीच्या पिसाऱ्यातला. मला फोटो पाठवू नका.