झिरकोनियातला ऑक्सिजन: अणूपासून चकतीपर्यंत मॉडेल कसे बांधावे

इट्रिया (इट्रियमचा ऑक्साइड, दोन इट्रियमला तीन ऑक्सिजन) घातलेल्या झिरकोनियातून (झिरकोनियमचा ऑक्साइड) ऑक्सिजनचे आयन वाहतात, म्हणून तो सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये (इंधनापासून वीज बनवणाऱ्या घन घटात) वापरतात. ८ मोल टक्के इट्रियाच्या (दर शंभर रेणूंत आठ इट्रियाचे) चकतीची वाहकता संगणकावर काढायची, तर आधी अणू नीट मोजा.

दोन झिरकोनियमच्या जागी दोन इट्रियम आले की एक ऑक्सिजन काढावाच लागतो, नाहीतर पेटीवर, म्हणजे संगणकातल्या अणूंच्या नमुन्यावर, विद्युतभार शिल्लक राहतो. ६×६×६ पेशींच्या (पेशी म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा एकक घन) पेटीत ७३६ झिरकोनियम, १२८ इट्रियम आणि १,६६४ ऑक्सिजन घ्या: बरोबर ८ टक्के, बाजू सुमारे ३१ अँगस्ट्रॉम. डीएफटीला (इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरचे क्वांटम गणित) एवढी पेटी जड जाते. तिथे २×२×२ घ्या: २८, ४ आणि ६२ अणू. हे प्रमाण ६.७ टक्केच भरते, ते नोंदवून ठेवा.

डीएफटीकडून हवी फक्त उडीची ऊर्जा, म्हणजे उडीच्या वाटेतला अडथळा. ऑक्सिजन शेजारच्या रिकाम्या जागेत जाताना दोन धन-आयनांच्या फटीतून सरकतो, विरार लोकलच्या दारात दोघांमधून वाट काढावी तसा. दोन्ही झिरकोनियम असतील तर अडथळा सर्वांत कमी, दोन्ही इट्रियम असतील तर सर्वांत जास्त. तिन्ही जोड्यांचे (दोन झिरकोनियम, एकेक, दोन इट्रियम) अडथळे नज्ड इलॅस्टिक बँडने (उडीची सर्वांत कमी ऊर्जेची वाट शोधणारी पद्धत) काढा. झिरकोनियमचे ४एस आणि ४पी इलेक्ट्रॉन गणितात असलेलेच स्यूडोपोटेन्शियल (आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरायचे सोपे सूत्र) निवडा. शुद्ध घनाकृती (क्यूबिक) झिरकोनियावर मात्र सराव करू नका. शून्य केल्विनला ती रचना अस्थिर असते, जरा हलवली की ऑक्सिजन चतुष्कोनी रचनेकडे घसरतात.

मग लॅम्प्समध्ये (अणूंची हालचाल चालवून पाहणारी संगणक-प्रणाली) मोठी पेटी. वेळेचा टप्पा १ फेमटोसेकंद, आधी ऊर्जा किमान करा, मग स्थिर दाबावर आकारमान ठरू द्या, मग १ नॅनोसेकंद मोजणी. बकिंगहॅम पोटेन्शियल (अणूंमधल्या बलाचे एक सूत्र) असेल तर तापमान वाढल्यावर दोन अणू अचानक एकमेकांत कोसळू शकतात, कारण अगदी जवळच्या अंतरावर आकर्षणाचे पद प्रतिकर्षणाला हरवते. तिथे झेडबीएल (जवळच्या अंतरावरच्या प्रतिकर्षणाचे सूत्र) जोडा. ही पायरी चांगल्या डेस्कटॉपवर भागते. पवईच्या किंवा माटुंग्याच्या संस्थांतल्या क्लस्टरवरची (जोडलेल्या संगणकांवरची) रांग डीएफटीसाठी राखा.

खरी गोची तापमानाची. १,२७३ केल्विनला एका नॅनोसेकंदात सरासरी वर्ग-विस्थापन (ऑक्सिजन किती सरकले त्याच्या वर्गाची सरासरी) २५ चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास येते, म्हणजे दर आयनामागे तीन-चार उड्या. ६०० केल्विनला तेच हजारांश चौरस अँगस्ट्रॉमवर येते आणि अणूंच्या थरथरीत बुडून जाते. म्हणून लोक वाहकता-तापमान आलेखावरची १,२०० ते २,००० केल्विनची सरळ रेषा कमी तापमानापर्यंत ओढतात, आणि वाहकता फुगते: थंडीत रिकाम्या जागा इट्रियमपाशी अडकतात आणि रेषा वाकते. कमी तापमानासाठी डीएफटीचे अडथळे कायनेटिक माँटे कार्लोत (थरथर वगळून फक्त उड्या यादृच्छिकपणे निवडत जाणारी पद्धत) घाला. पुढची आणि परतीची उडी यांच्या अडथळ्यांतला फरक दोन स्थितींच्या ऊर्जेतल्या फरकाइतकाच असला पाहिजे. नसेल तर मॉडेल फुकटात ऊर्जा निर्माण करते.

शेवटी कणसीमा, म्हणजे चकतीतले स्फटिककण एकमेकांना जिथे भिडतात ती जागा. रोधकता = कणाची रोधकता + (सीमेची जाडी ÷ कणाचा आकार) × सीमेची रोधकता. सीमा ५ नॅनोमीटर जाड आणि शंभरपट रोधक धरली, तर अर्ध्या मायक्रॉनच्या कणांना एकूण रोधकता दुप्पट होते. ५ मायक्रॉनला १० टक्केच वाढते. त्यामुळे सिंटरिंगनंतरचा (चकती भाजून घट्ट केल्यानंतरचा) कणाचा आकार मोजूनच घाला, अंदाजाने नको.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ज्याच्यावर काम होते तो थोरियम डायऑक्साइडही झिरकोनियासारख्याच फ्लोराइट रचनेचा (अणूंची घनाकृती मांडणी), पेशीची बाजू ५.६ अँगस्ट्रॉम. पण त्यात इट्रियम नाही, म्हणून रिकाम्या जागाही आयत्या मिळत नाहीत. त्या तुम्ही घातल्या नाहीत तर १,५०० केल्विनलाही विस्थापनाचा आलेख सपाटच येईल.