करार तोंडी कुठे चालतो आणि कागद कुठे लागतोच? व्यवहाराआधी असे तपासा

‘पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतलंय, नोटरीही केलीय’ एवढं सांगून माणसं निर्धास्त होतात. दुसरीकडे, ‘लिहिलेलं काहीच नाही, आता काय मिळणार’ म्हणून हक्काचे पैसे सोडून देणारेही गावोगाव आहेत. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींची किंमत साध्या माणसालाच मोजावी लागते.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. करार वैध ठरायला काय लागतं ते त्याच्या कलम १० मध्ये आहे: दोन्ही बाजूंची मोकळी संमती, करार करण्याची कायदेशीर पात्रता, मोबदला आणि कायद्याला मान्य असा उद्देश. या यादीत कागदही नाही आणि सहीही नाही. म्हणजे तोंडी करार हा आपल्याकडे पूर्ण करार असतो. मात्र त्याच कलमात पुढे म्हटलंय की, दुसऱ्या एखाद्या कायद्याने लेखी करार, साक्षीदार किंवा नोंदणी सक्तीची केली असेल तर ती पाळावीच लागेल. आपल्या व्यवहाराला असा ‘दुसरा कायदा’ लागू होतो का, एवढंच शोधायचं असतं.

१. व्यवहार कशाचा आहे ते एका वाक्यात लिहा

‘मी अमुक वस्तू, अमुक माणसाला, अमुक रकमेला, अमुक मुदतीसाठी देतोय’ असं साधं वाक्य लिहा. त्यातून चार गोष्टी बघा. जमीन किंवा घर आहे का? असल्यास मालकी जातेय की फक्त वापर? पैसे उसने दिले जातायत का? की काहीही मोबदला न घेता दिलं जातंय? पुढची वाट या उत्तरांवर ठरते.

२. जमीन किंवा घर असेल तर नुसता कागद पुरत नाही, नोंदणी लागते

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. १८८२ साली १०० रुपये ही मोठी रक्कम होती. आज त्यात काहीच येत नाही, म्हणजे व्यवहारात प्रत्येक जमीन, प्रत्येक घर आणि प्रत्येक फ्लॅट या नियमात येतो. घर किंवा जमीन बक्षीस द्यायची तर बक्षीसपत्र नोंदणीकृत हवं आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मुस्लिम कायद्यातला हिबा (बक्षीस) तेवढा याला अपवाद आहे. गहाणखतालाही नोंदणी आणि दोन साक्षीदार लागतात. फक्त मूळ कागदपत्रं बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणाला ही अट वेगळी आहे.

मग इसार पावती आणि साठेखत म्हणजे काय? ही पुढे विक्री करण्याची वचनं आहेत. त्यांनी मालकी येत नाही, हे कलम ५४ मध्येच स्पष्ट म्हटलंय. वचन मोडलं तर ते पाळायला लावण्यासाठी दावा करता येतो आणि अशा दाव्यात नोंदणी न झालेलं साठेखतही पुरावा म्हणून वापरता येतं. पण साठेखत करून जमिनीचा ताबा घेतला आणि विकणाऱ्याने तो परत घेऊ नये म्हणून त्याच कायद्याच्या कलम ५३अ चं संरक्षण हवं असेल, तर २००१ च्या दुरुस्तीनंतर ते साठेखत नोंदणीकृत असावं लागतं.

‘कुलमुखत्यारपत्र घेतलंय, पूर्ण पैसे दिलेत, ताबाही आपलाच’ असे व्यवहार शहरांच्या कडेच्या प्लॉटिंगमध्ये सर्रास होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं की साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा संच करून मालकी हस्तांतरित होत नाही. नोटरीचा शिक्का असला तरी फरक पडत नाही. समोरच्या माणसाने आपल्यासमोर सही केली एवढंच नोटरी सांगतो. नोंदणी होते ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे झालं, असंही समजू नका. ती महसुली नोंद आहे, त्यावरून मालकी ठरत नाही.

नोंदणीसाठी मुदत असते. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला न्यावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने मिळू शकतात, पण त्यासाठी नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत दंड पडू शकतो.

बिल्डरकडून फ्लॅट घेत असाल तर रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्याचं, कलम १३ तुमच्या बाजूने आहे. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आधी तीस टक्के भरा, ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात करू’ असं कोणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

घरातल्या वाटण्यांचं थोडं निराळं आहे. भावाभावांमध्ये तोंडी वाटणी आधी झाली आणि नंतर आठवण म्हणून ती कागदावर उतरवली, तर त्या टिपणाला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काले प्रकरणात मान्य केलं. पण त्या कागदानेच वाटणी होत असेल तर तो वाटणीपत्र ठरतो आणि नोंदवावाच लागतो. मालमत्तेतला आपला हिस्सा सोडून देणारं हक्कसोडपत्रही असंच नोंदवावं लागतं. बहिणींनी हे नीट लक्षात घ्यावं: ‘तोंडी वाटणी केव्हाच झाली, त्यात तुझा हिस्सा नव्हता’ हा युक्तिवाद, मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला समान हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनिता शर्मा निकालानंतर, सहजी चालत नाही. तोंडी वाटणीला सरकारी दस्तऐवजांचा ठोस आधार असेल तरच, आणि तोही अपवाद म्हणून, न्यायालय तो विचारात घेतं.

३. भाड्याचं घर: अकरा महिन्यांचा गैरसमज सोडा

एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, हा देशभरातला सर्वसाधारण नियम. त्यावरूनच अकरा महिन्यांचे करार रूढ झाले. पण महाराष्ट्रात ही पळवाट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर फक्त वापरायला देण्याचा परवाना), मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवण्याचं ओझं मालकावर पडतं. घरमालकांनो, दलालाने आणून दिलेल्या नोटरी केलेल्या कागदावर विसंबू नका.

लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता घरबसल्या, आधार आणि बोटांचे ठसे वापरून ऑनलाइन होते. नोंदणी शुल्क शहरी भागात १००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळं. महाराष्ट्राबाहेर घर देत-घेत असाल तर त्या राज्याचा कायदा बघा, कलम ५५ तिथे लागू नाही.

४. उसने पैसे: तोंडी चालतात, पण घड्याळ सुरू होतं

हातउसने दिलेले पैसे परत मागायला कायद्याने कागद लागत नाही. मात्र मुदतीचा कायदा, १९६३ नुसार दावा तीन वर्षांत करावा लागतो. ‘मागशील तेव्हा देईन’ अशा बोलीवर दिलेल्या पैशांची तीन वर्षं तुम्ही मागितल्यापासून नाही, पैसे दिले त्या दिवसापासून मोजली जातात. नात्यातल्या संकोचामुळे कितीतरी जणांची मुदत इथेच निघून जाते.

म्हणून तीन वर्षं भरण्याआधी समोरच्याकडून ‘तुझे इतके रुपये माझ्याकडे देणे आहेत’ एवढी ओळ सहीनिशी लिहून घ्या. त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. काही रक्कम परत केली आणि त्याबद्दल त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने नोंद असेल, तरी मुदत नव्याने सुरू होते. मुदत उलटून गेली असली तरी दार पूर्ण बंद होत नाही. करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं नवं वचन लेखी आणि सही केलेलं असेल तर ते बंधनकारक आहे. इथे तोंडी वचनाला मात्र काही अर्थ नाही.

प्रॉमिसरी नोट, म्हणजे पैसे परत देण्याचं सही केलेलं लेखी वचन, घेत असाल तर त्यावर रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर सही घ्या. इतर कागदांवरचं कमी पडलेलं मुद्रांक शुल्क नंतर दंडासह भरता येतं. प्रॉमिसरी नोटची चूक तशी सुधारता येत नाही. आणि २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी देऊ-घेऊ नका. आयकर कायद्याची अडचण तर आहेच, शिवाय बँकेतून गेलेला पैसा स्वतःच साक्ष देतो.

५. लेखी लागणारे आणखी काही व्यवहार

मोबदला न घेता, केवळ जवळच्या नात्यातल्या प्रेमापोटी दिलेलं वचन लेखी आणि नोंदणीकृत असेल तरच पाळायला लावता येतं. वाद न्यायालयात न नेता लवादाकडे (दोघांनी नेमलेल्या पंचाकडे) न्यायचा, हे ठरवलेलं लेखी हवं. लेखक, छायाचित्रकार, संगीतकारांनी ध्यानात ठेवावं की कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण सही केलेल्या कागदाशिवाय होत नाही. सरकारशी केलेला करार राज्यघटनेच्या कलम २९९ प्रमाणे राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या नावाने आणि ठरलेल्या पद्धतीनेच व्हावा लागतो. साहेबांनी तोंडी ‘काम सुरू करा’ सांगितलं म्हणून कंत्राटदाराने काम सुरू करू नये.

दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेण्याचं, म्हणजे जामिनकीचं उलट आहे. इंग्लंडमध्ये १६७७ च्या कायद्यापासून जामिनकी लेखी लागते. आपल्या करार कायद्याचं कलम १२६ मात्र तोंडी जामिनकीही मान्य करतं. ‘त्याने नाही दिले तर मी देईन’ हे वाक्य मित्रासाठी बोलताना म्हणूनच जपून बोला.

६. बाकी सगळं तोंडी चालतं, फक्त सिद्ध करता आलं पाहिजे

मालाची खरेदी-विक्री, गवंडीकाम, मंडप, केटरिंग, शिकवणी यांना कागदाची सक्ती नाही. पण उद्या समोरचा ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणाला तर काय? म्हणून ठरल्याबरोबर एक व्हॉट्सॲप संदेश किंवा ईमेल पाठवा: ‘आज ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघराच्या फरशीचं काम साहित्यासह ४५ हजारांत, १५ तारखेपर्यंत. आगाऊ १० हजार दिले.’ त्यावर ‘हो’ असं उत्तर मिळवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मुळे असा करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही. मात्र न्यायालयात हा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे स्क्रीनशॉट काढून मूळ संदेश पुसू नका, आणि शक्य असेल तोवर तो फोनही ठेवा.

७. कागद करायचाच तर असा करा

मराठीत करा. वैधतेला त्याने काही उणेपणा येत नाही आणि दोन्ही बाजूंना कळतो. लिहून देणार आणि लिहून घेणार यांची पूर्ण नावं, पत्ते, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, तारखा, आणि न पाळल्यास काय होईल, हे सगळं यायला हवं. कोरी जागा सोडू नका, प्रत्येक पानावर सह्या घ्या. स्टँप पेपर खरेदीपासून सहा महिन्यांत वापरा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अनेक साध्या करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टँप लागतो.

सही करण्याआधी एक गोष्ट नक्की करा: तोंडी मिळालेलं प्रत्येक आश्वासन त्या कागदात शोधा. करार एकदा लेखी झाला की त्यातल्या अटींच्या विरुद्ध तोंडी बोलणं पुरावा म्हणून सहसा ऐकलं जात नाही. पार्किंग, पाण्याची जोडणी, रस्त्याचा हक्क लिहिलेला नसेल तर तो लिहून घेतल्याशिवाय पेन उचलू नका. नोंदणीकृत दस्तातली अट पुढे बदलायची झाली तर तो बदलही नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो.

८. व्यवहार तोंडीच होऊन गेला असेल तर

बँकेच्या नोंदी, संदेश, पावत्या, हजर असलेल्यांची नावं आज एकत्र करा. समोरच्याला शांत भाषेत संदेश पाठवून काय ठरलं होतं ते विचारा. त्याचं उत्तरही पुरावा ठरतं. व्यवहाराची तारीख शोधून तीन वर्षं कधी संपतात ते कॅलेंडरवर लिहा. मग वकिलाकडून नोटीस पाठवा. पण नुसत्या नोटिशीने मुदत वाढत नाही, हे विसरू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना आणि अपंगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जाण्याआधी १५१०० या क्रमांकावर फोन करून कोणती कागदपत्रं आणायची ते विचारून घ्या.