माळ्यावरचं जुनं सामान विकताय किंवा घेताय? या चुका टाळा

वाडा बिल्डरकडे गेला किंवा आजी गेल्यावर माळा उघडला, की दोन गोष्टी हमखास घडतात. निम्मं सामान मोडीत जातं, आणि उरलेल्यातल्या चार-दोन नाण्यांवर घरादाराची नजर खिळते. आता लाखो रुपये येणार! पुष्कळदा ती नाणी जेमतेम चांदीच्या भावाची निघतात आणि खरा पैसा हातगाडीवरून केव्हाच निघून गेलेला असतो.

नुसत्या वयाला भाव मिळत नाही. वस्तू किती कमी उरली आहे आणि आपण तिला किती कमी हात लावला आहे, याला मिळतो.

विकायच्या आधी घासणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि होते ती चांगल्या हेतूने. गिऱ्हाईक येणार म्हणून नाणी चिंचेच्या पाण्यात टाकायची, पितांबरीने चोळायची, लख्ख करून ताटलीत मांडायची. घासलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतो. त्याची चकाकी मेल्यासारखी सपाट असते आणि भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात. वर्षानुवर्षं बसलेला काळसर थर ही त्या नाण्याची साक्ष असते. ती पुसली की हौशी गिऱ्हाईक जातं आणि सराफ उरतो.

घासून झालंच असेल, तर आता ते पुन्हा काळं करायच्या भानगडीत पडू नका. साफ केलेलं आहे असं सांगूनच विका. तांब्याच्या नाण्यावर हिरवी भुकटी धरली असेल तर ते बाकीच्यांपासून वेगळं काढून कोरड्या जागी ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांतही नाणी नकोत, त्यातून कालांतराने चिकट हिरवट थर धरतो.

देवाच्या टाकांची गोष्ट मात्र वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या पूजेत हात फिरून देवाचं नाक-डोळे पुसट झालेले असतात, आणि ती झीज खोट धरली जात नाही. उलट टाक जुना असताना चेहरा अगदी कोरा करकरीत दिसला, तर मी दोनदा बघेन.

साल वाचून भाव ठरवणं

राणी छाप रुपयावर १८६२ हे साल दिसलं की लोक हुरळतात. पण १८६२ हा व्हिक्टोरियाच्या रुपयांतला अगदी सर्रास मिळणारा प्रकार. साल तेच ठेवून टांकसाळी पुढे १८७४पर्यंत रुपये पाडत राहिल्या. कंपनी सरकारच्या १८३५ आणि १८४० सालांचंही तसंच, तीच तारीख वर्षानुवर्षं चालू. अशा रुपयांत फरक असतो तो बारीक ठिपक्यांचा आणि ठशांचा, आणि तो ओळखायला कॅटलॉग लागतो.

खालची मर्यादा मात्र घरबसल्या काढता येते. ब्रिटिश काळातला प्रमाण रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या चांदीच्या दराने होणाऱ्या रकमेखाली कोणी मागितला तर सरळ नाही म्हणा. १९४० ते ४५च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, आणि १९४७चा रुपया निकेलचा, म्हणजे चांदी शून्य. तो लोहचुंबकाला चिकटतो. हे तिन्ही एकाच ढिगात ‘चांदीचे जुने रुपये’ म्हणून विकले जातात, त्यामुळे खिशात छोटं चुंबक आणि दशांश ग्रॅम दाखवणारा काटा असलेला बरा.

पुढे खरी मागणी असलेले काही रुपये आहेतच. पंचम जॉर्जचा १९११चा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या हारातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपयाही दुर्मीळ. आणि म्हणूनच या दोन्हींच्या नकला भरपूर. ऑनलाइन फोटो बघून हे घेऊ नका. लिलावातून किंवा पावती देणाऱ्या जाणकाराकडूनच घ्या.

शिवराईबद्दल आपल्याकडे भावना गुंतलेली असते आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेली तांब्याची शिवराई महाराजांच्या राज्याभिषेकानंतर, १६७४पासून पाडली जाऊ लागली, पण पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही कितीतरी टांकसाळींतून ती निघत राहिली. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही त्या नंतरच्या काळातली, आणि ती आजही काही शे रुपयांत मिळते. हाताशी ठेवायला सुरेख वस्तू आहे. फक्त ‘महाराजांच्या हातची’ म्हणून तिचे दहा हजार मोजू नका. आणि सोन्याचा होन? कोणी रस्त्यावर, फोनवर, ओळखीच्या ओळखीतून दाखवत असेल तर चहा पिऊन उठा.

राम दरबार, ७८६ आणि तांदूळ ओढणारा तांब्या

राम-सीता-लक्ष्मण किंवा हनुमान एका बाजूला, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ दुसऱ्या बाजूला, साल १६१६, १७१७, १८१८ किंवा १८३९. कंपनीने राम दरबाराचं असं नाणं कधीच काढलं नाही. हे अलीकडे ओतलेले बिल्ले आहेत, देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही. वैष्णोदेवीचं २०१२चं नाणं चलनात सोडलेलं साधं नाणं आहे. ७८६ने संपणाऱ्या नोटेला एखादा शौकीन वर थोडे पैसे देतो, लाख रुपये नाही.

याच्या मागे एक ठरलेली पद्धत असते. तुमच्या नाण्याला मोठी रक्कम कबूल करायची, मग ‘प्रोसेसिंग फी’, ‘जीएसटी’, ‘आरबीआयचं कमिशन’ म्हणून थोडे थोडे मागत राहायचे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये पत्रक काढून सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा खरा व्यवहार नसतोच. भरले असतील तर पुढचा हप्ता थांबवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, संदेश पुसू नका. तांदूळ स्वतःकडे ओढतं आणि ‘नासा’ विकत घेते असं सांगून खपवलं जाणारं तांब्याचं भांडं हा त्यातलाच थोरला भाऊ, आणि त्यात गावाकडच्या लोकांचे शेत विकून आलेले पैसे जातात.

चौकटीत बसावी म्हणून तसबीर कापणं

राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती कितीतरी घरांच्या भिंतींवर आहे. रविवर्मा १९०६ला गेले तरी छापखाना पुढेही चालू राहिला, त्यामुळे चित्राखाली त्यांचं नाव आहे म्हणून ते त्यांच्या हयातीतलं असेल असं नाही. तळाशी कडेला छापखान्याचं आणि कार्ला-लोणावळ्याचं नाव छापलेलं असतं, आणि फ्रेमवाला नेमकी तीच पट्टी कापून टाकतो. नवी चौकट करायची तर त्याच्यासमोर उभे राहा.

घेताना दहापट भिंगातून बघा. जुन्या शिळाछापात ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकलेले दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ते कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत असतात. जुनी काच आणि वाळवी लागलेली चौकट हा पुरावा नव्हे, त्या वेगळ्या विकत मिळतात. जरी-टिकल्या लावून सजवलेल्या मूळ प्रतीला जास्त भाव येतो, पण हल्ली टिकल्या नंतरही चिकटवतात.

मोडी लिपीतले जुने कागद तर लॅमिनेट अजिबात करू नका, आणि रद्दीत त्याहून नको. आत जमिनीचा व्यवहार आहे की किराणा मालाचा हिशेब, हे वाचल्याशिवाय कळत नाही; पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा.

चोरबाजारातला कर्णा

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर (शुक्रवारी बंद) किंवा पुण्यातल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात (बुधवार-रविवार) चमकत्या पितळी कर्ण्याचा, कुत्र्याचं चित्र चिकटवलेला ग्रामोफोन दिसतो. तो शोभेसाठी नव्याने जुळवलेला असतो. दिवाणखान्यात ठेवायचा तर जरूर घ्या, शोभेच्या वस्तूच्या भावात. एचएमटीच्या भडक रंगीत तबकडीच्या ‘जनता’ घड्याळांचंही तेच: आतलं यंत्र खरं, तोंड नवं रंगवलेलं. शिसवी कपाट उघडून आतले स्क्रू बघा; अधिक चिन्हाच्या खाचेचे असतील तर ‘आजोबांच्या काळातलं’ ही कथा तिथेच संपते.

वजनावर देणं

पितळेचा बंब, घंगाळ, कोरीव अडकित्ता, पानाचा डबा यांना मोडीत किलोचा दर मिळतो. हॉटेलं आणि घरं सजवणारे याच वस्तू नगावर घेतात. अडकित्त्यांना संग्राहक किती मानतात हे पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिसेल. भांड्यावर नाव आणि लग्नाचं साल घातलेलं असेल तर ते घासून काढू नका. वस्तूचं वय सांगणारा दुसरा कागद तुमच्याकडे नसतोच.

विकणाऱ्याला एक सांगायचं: दुकानदार तुम्हाला दुकानातला भाव देणार नाही. त्याला भाडं आहे, माल वर्षभर पडून राहतो. निम्म्याच्या आसपास बोलला म्हणजे फसवतोय असं नाही. ऑनलाइन लावलेली किंमत ही मागणी असते. किती रुपयांना गेलं ते लिलावाच्या निकालांत बघा.

कायदा

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर ७५ वर्षांहून जुनं, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतली मुलगी आजीचे टाक किंवा पितळी देवी बॅगेत भरून निघते आणि विमानतळावर अडकते. वस्तू तितकी जुनी नसेल तर पुरातत्त्व विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा. जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी लागते, आणि या वस्तूंचा धंदा करायला परवाना. पाया खणताना नाण्यांचा हंडा निघाला तर १८७८च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. हस्तिदंती फण्या आणि सोंगट्या, व्याघ्रजिन, भिंतीवरची सांबराची शिंगं विकायच्या यादीत घालूच नका. ‘पणजोबांची आहेत’ म्हणून ती विकता येत नाहीत, आणि घरात ठेवायलाही मालकीचा दाखला लागतो. तो नसेल तर वन विभागाशी बोला.