अग्निशमन दलाची वर्दीवही कशी मागावी आणि कशी वाचावी

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी दहा बाळं दगावली आणि राज्यभर फायर ऑडिटचे आदेश सुटले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारचं आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरचं रुग्णालय पेटलं. आदेशाचं पुढे काय झालं, हे विचारायचं कुणी? आपणच. अग्निशमन सेवा घटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे ती महापालिका-नगरपालिकेच्या कामांत मोडते आणि आपल्या करातून चालते. ‘आयुक्तांना टॅग करा’, ‘पालकमंत्र्यांना निवेदन द्या’ हे सल्ले ऐकून कान किटले. निवेदनाची फक्त पोच मिळते. कागद हवे असतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा. त्यातला पहिला कागद म्हणजे वर्दीवही: आगीची खबर, म्हणजे वर्दी, कधी आली आणि बंब कधी निघाला-पोहोचला, हे लिहिलेली अग्निशमन केंद्रातली नोंदवही.

अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, जनमाहिती अधिकारी, अग्निशमन विभाग यांच्या नावे. पोच घ्या. चुकीच्या टेबलावर गेला तरी कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आता मजकूर. नव्वद टक्के अर्ज इथेच मरतात, आणि दोष दर वेळी साहेबांचा नसतो.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारे पंचवीस प्रश्नांचे तयार नमुने याच मुद्द्यावर निकालात निघतात. ते वापरूच नका. दुसरी गोष्ट, ‘बंब उशिरा का आला?’ असं कधीही लिहू नका. ‘प्रश्नार्थक माहिती देणे अभिप्रेत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येईल आणि ते कायद्याला धरून असेल. कायद्याने तुम्हाला दप्तरात असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. म्हणून कागदाचं नाव घ्या, कालावधी टाका, ठिकाण टाका. मी असं लिहितो:

‘अमुक अग्निशमन केंद्राच्या वर्दी नोंदवहीतील (आपल्याकडे ज्या नावाने ठेवली जाते ती) दि. 1 मार्च ते 31 मे या काळातील पानांच्या साक्षांकित प्रती, तसेच त्याच काळातील त्या केंद्राच्या वाहनांच्या लॉगबुकच्या प्रती द्याव्यात. खासगी व्यक्तींची नावे व फोन क्रमांक कलम 10 नुसार वगळावेत. प्रती देण्यापूर्वी मूळ नोंदवह्यांचे अवलोकन करू द्यावे.’

कंसातल्या शब्दांवर हसू नका. कुठे ती कॉल रजिस्टर असते, कुठे ऑकरन्स बुक. नाव चुकलं की ‘अशी नोंदवही ठेवली जात नाही’ हे उत्तर तयारच असतं. अर्ज टाकण्याआधी केंद्रावर जाऊन जवानांनाच विचारा, वही कोणती आणि कोणाच्या ताब्यात असते. सरळपणे विचारलं तर सांगतात. रिकाम्या जागांमुळे दुहेरी पाळी तेच करत असतात.

एकच केंद्र आणि तीनच महिने मागा. सगळ्या शहराचं पाच वर्षांचं मागितलंत की कलम 7(9) पुढे करून ‘कार्यालयाची साधनसामग्री अवाजवी वळवावी लागेल’ असं कळवतील. उन्हाळ्याचे महिने घ्यायचे, कारण गवत, कचरा आणि शॉर्टसर्किट यांच्या वर्द्या तेव्हा भरपूर असतात.

आणि अवलोकन सोडू नका. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना दप्तर पाहता येतं. सोबत कुणाला तरी न्या, वही उघडून बसा, हव्या त्या पानांचे क्रमांक टिपून तेवढ्याच प्रती मागा. पानाला दोन रुपये पडतात.

वाचताना तीन वेळा पाहायच्या: वर्दी मिळाली कधी, गाडी निघाली कधी, पोहोचली कधी. पहिल्या दोन वेळांत अंतर असेल तर माणसं नाहीत, चालक नाही किंवा गाडीच सुरू होत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेत अंतर असेल तर केंद्र लांब आहे किंवा रस्ते अडलेले आहेत. त्याचा राग जवानांवर काढू नका, तो नगररचना विभागाचा विषय आहे. सगळ्याच वेळा 10.05, 10.10, 10.20 अशा गोल दिसल्या की ओळखा, नोंदी परत आल्यावर अंदाजाने भरल्या आहेत. मग लॉगबुकातले किलोमीटर आणि वेळा शेजारी ठेवून ताडून पाहा. गाडी केंद्राबाहेर पडलीच नाही आणि वहीत मात्र ‘आग विझवली’, हेही तिथेच सापडतं.

मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं यांचा अर्ज वेगळा करा. त्याला एक पान पुरतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नाकारलं, तर वीस रुपयांच्या स्टँपवर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील. ते मन लावून लिहा, कारण दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे जातं आणि तिथे तारीख लागेपर्यंत पुढचा उन्हाळा येतो. सुनावणीला भाषण नको. कोणता कागद मागितला आणि तो कोणत्या कपाटात आहे, एवढंच सांगा.

हाती आलेलं पेपरवाल्यांना देण्याआधी आपल्या नगरसेवकाला द्या, तेही अर्थसंकल्पाची चर्चा स्थायी समितीत व्हायच्या आत. 2022 पासून कित्येक महापालिकांत प्रशासकच होते, तेव्हा ही वाट बंद होती. नगरसेवकाला गठ्ठा देऊ नका, वाचणार नाही. एका कागदावर चार वर्द्या, त्यांच्या वेळा आणि रिक्त चालकांची संख्या लिहून द्या.

इमारतींसाठी अर्ज निराळा. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. नुसते किती फॉर्म आले हे विचारून उपयोग नाही, कारण न देणारे किती ते त्यात येत नाही. आपल्या प्रभागातली रुग्णालयं आणि शाळा यांची नावं लिहून त्यांचे फॉर्म बी मागा, आणि याच अधिनियमाच्या कलम 6 खाली दिलेल्या नोटिसांच्या प्रती मागा. नोटिशीनंतर फेरतपासणी झाली असेल तर तिचा अहवालही याच अर्जात बसतो. हा अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाका, जुलैची मुदत तेव्हा नुकतीच उलटलेली असते.